‘कम्फर्टेबल वाटतं’ हा निष्कर्ष नव्हे

पीएचडीचा किंवा एम.ए.च्या प्रकल्पाचा विषय शोधताना तुमच्यापैकी काही जण या शीर्षकापाशी नक्की थांबले असतील : ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पोशाख निवडीचा अभ्यास : विशेष संदर्भ नाशिक शहर’. शहराचं नाव बदलतं, साचा तोच राहतो. समाजशास्त्रात हा विषय येतो, गृहविज्ञानात येतो, वाणिज्य शाखेत ‘खरेदी वर्तन’ असं नाव घेऊन येतो.

आधीच सांगते, विषय चांगला आहे. रोज डोळ्यांसमोर घडतो, त्याला फारसा खर्च नाही, आणि दिसतो त्यापेक्षा तो बराच खोल आहे. तक्रार आहे ती हा विषय ज्या पद्धतीने हाताळला जातो तिच्याबद्दल.

साचा तुम्हाला माहीत आहे. गूगल फॉर्म तयार करायचा, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, शंभर प्रतिसाद आले की थांबायचं. त्यात एक प्रश्न हमखास असतो : ‘कपडे निवडताना आपण कोणत्या घटकाला सर्वाधिक महत्त्व देता? आराम / किंमत / फॅशन / ब्रँड / इतर’. पाय चार्टमध्ये सगळ्यात मोठा तुकडा ‘आराम’चा निघतो. मग निष्कर्ष येतो की विद्यार्थी फॅशनपेक्षा आरामाला प्राधान्य देतात. शेवटी शिफारस असते की उत्पादकांनी आरामदायी कपडे तयार करावेत. प्रबंध संपला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘कम्फर्टेबल वाटतं’ हा अशा अभ्यासाचा निष्कर्ष असू शकत नाही. तिथून अभ्यास सुरू व्हायला हवा. हा शब्द अनेकदा समोरचा माणूस तुम्हाला सभ्यपणे वाटेला लावण्यासाठी वापरतो. तो खोटं बोलत नसतो. फक्त त्या शब्दाच्या मागे काय आहे ते तो सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

प्रश्नावलीने काय गृहीत धरलंय?

वरच्या प्रश्नात दोन गृहीतकं लपलेली आहेत, आणि ती सिनॉप्सिसमध्ये कुठेच लिहिलेली नसतात.

पहिलं : निवड करणारा माणूस एकटा आहे. कपाट उघडतो, पाच घटकांचं वजन करतो, एक कपडा काढतो. दुसरं : आपण का निवडलं हे त्याला माहीत आहे, आणि विचारलं की तो ते सांगेल.

दुसरं गृहीतक किती कच्चं आहे हे समाजशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रिचर्ड लापिएर यांचा १९३४ मधला लेख नेट-सेटच्या तयारीत तुम्हाला भेटला असेल. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकेत हजारो मैल फिरले. त्या काळी तिथे चिनी लोकांविषयी उघड तिटकारा होता. तरीही हॉटेलं आणि खानावळी मिळून २५१ ठिकाणी गेल्यावर फक्त एकदाच त्यांना नकार मिळाला. नंतर लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्र लिहून विचारलं, ‘तुम्ही चिनी ग्राहकांना घ्याल का?’ १२८ उत्तरं आली, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ म्हटलं.

या अभ्यासावर टीकाही झाली आहे, आणि ती योग्य आहे. पत्राला उत्तर देणारा माणूस आणि काउंटरवर खोली देणारा माणूस एकच होता कशावरून? शिवाय गोरे प्राध्यापक सोबत होतेच. पण आपल्या कामापुरता धडा पक्का आहे : कागदावरचं उत्तर आणि प्रसंगातली कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजून दुसरी मोजली असं म्हणता येत नाही.

पहिलं गृहीतक, म्हणजे निवडणारा एकटा असतो हे, तपासायला मात्र अमेरिकेत जायची गरज नाही. कॉलेज रोडला उभं राहा.

एक स्कार्फ घ्या

सकाळी एचपीटी-आरवायके आणि बीवायकेकडे जाणाऱ्या स्कूटी बघा. अनेक मुलींचा चेहरा स्कार्फने पूर्ण बांधलेला असतो. फक्त डोळे दिसतात, तेही कधी गॉगलच्या आड. काहींच्या अंगात सनकोट, हातात मोजे. पुण्याहून नाशिकपर्यंत हे दृश्य इतकं रोजचं आहे की आपल्याला ते ‘पोशाख’ वाटतच नाही. प्रश्नावलीत तर स्कार्फला रकानाच नसतो.

आता विचारा, ‘स्कार्फ का बांधतेस?’ उत्तर येईल : ऊन आणि धूळ. हे खरंच आहे. एप्रिलमध्ये दुपारी बाराला गंगापूर रोडवरून जाऊन बघा म्हणजे पटेल.

पण प्रश्न थोडा फिरवून बघा. ‘ढगाळ दिवशी बांधतेस का?’ ‘संध्याकाळी क्लासवरून येताना?’ ‘मागे बसलेली असतेस तेव्हा? कुणाच्या मागे?’ ‘भावाबरोबर जाताना तसाच घट्ट बांधतेस का?’ आता उत्तरांना फांद्या फुटायला लागतात. काळी पडू नये हे एक, म्हणजे रंगाचा आणि लग्नाच्या बाजाराचा प्रश्न आला. केस विस्कटू नयेत हे दुसरं. सिग्नलला कुणी टक लावून बघू नये हे तिसरं. आणि ओळखीच्या कुणी, विशेषतः काका-मामाच्या वयाच्या कुणी ओळखू नये हे चौथं. गावातला एक माणूस सीबीएसवर भेटला की संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते, हे तालुक्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असतं.

म्हणजे तोच दोन मीटरचा कपडा एकाच प्रवासात उन्हापासून वाचवतो, अंगाच्या रंगाची काळजी घेतो, नजरा अडवतो, आणि शहरात थोडा मोकळेपणाही मिळवून देतो. चारही कारणं खरी आहेत, एकाच वेळी खरी आहेत, आणि मुलगी कुणाशी बोलतेय त्याप्रमाणे त्यातलं एक पुढे येतं. आईला सांगायचं कारण ऊन. मैत्रिणीला सांगायचं कारण वेगळं. आणि तुम्ही, अनोळखी संशोधक, फॉर्म घेऊन आलात तर तुम्हाला आईच्या रांगेतलं उत्तर मिळणार.

निवड नेमकी कुठे होते?

‘कपाटापुढे’ असं आपल्याला वाटतं. आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणा, मग हे उत्तर अपुरं वाटेल.

निवडीचा एक भाग दोरीवर होतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात जुलैमध्ये जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. लेगिंग आणि पातळ कुर्ता पंख्याखाली रात्रीत वाळतो. होस्टेलच्या खोलीत एक पंखा, एक दोरी आणि चार मुली असतील तर उद्या कोण काय घालणार हे बरंचसं त्या दोरीवर ठरतं. फॉर्ममध्ये मात्र त्याचं नाव ‘आराम’.

एक भाग एसटीत होतो. पेठ किंवा सुरगाण्याहून येणारी मुलगी गर्दीत उभी राहून येते. ओढणी अडकते, पांढरा रंग चालत नाही, परतीची गाडी चुकली तर अंधारात फाट्यावर उतरून चालायचं असतं. या सगळ्याचा विचार सकाळी कपडे घालतानाच झालेला असतो. स्वतःच्या दुचाकीवर येणाऱ्या मुलीपेक्षा तिच्या ‘आरामा’चा अर्थ पूर्ण वेगळा आहे. पाय चार्टमध्ये दोघी एकाच तुकड्यात बसतात.

एक भाग घराच्या उंबऱ्यावर होतो, जिथे ‘हे घालून चाललीस?’ एवढंच विचारलं जातं आणि पुढचं वाक्य कुणाला बोलावं लागत नाही. एक भाग खरेदीच्या वेळी झालेला असतो : मेन रोडला आईबरोबर, नाहीतर मीशोवर मैत्रिणीच्या फोनवरून. आणि शेवटचा भाग कट्ट्यावर, जिथे चारचौघं काय म्हणतील ते ठरतं.

मुलांचं काय? आपल्या प्रबंधांत ‘मुलं बेफिकीर असतात’ असं एका ओळीत उरकलं जातं. पण कट्ट्यावर मुलांच्या कपड्यांवर जेवढी टिप्पणी होते तेवढी क्वचितच कशावर होत असेल. ‘शायनिंग मारतोय’, ‘लई ओव्हर करतोय’, ‘आज काय लग्न आहे का?’ ही नुसती चेष्टा नाही, हे नियम आहेत. अगदीच साधं राहिलात तर गावंढळ, फार सजलात तर ओव्हर. मधली पट्टी अरुंद आहे, आणि जिच्याकडे एक जीन्स आहे आणि जिच्याकडे आठ आहेत त्यांना ती सारखी रुंद नाही. मुलांनाही हेच लागू.

तीन पुस्तकं, आणि ती कुठे तोकडी पडतात

संदर्भ साहित्याच्या आढाव्यात ‘अमुकने असे म्हटले, तमुकने तसे म्हटले’ एवढ्यावर थांबू नका. पुस्तकाकडून तुमच्या प्रश्नाला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे दोन्ही लिहा.

एम्मा टार्लो यांचं ‘क्लोदिंग मॅटर्स’ (१९९६) गुजरातमधल्या एका खेड्यातल्या क्षेत्रकार्यावर उभं आहे. भारतीय पोशाखाचा अभ्यास तोवर बहुतेक ‘अमुक जात अमुक घालते’ या यादीसारखा व्हायचा. टार्लो यांनी प्रश्नच उलटा केला : काय घालावं ही लोकांची रोजची अडचण आहे, तर ती ते कशी सोडवतात? गांधीजींपासून खेड्यातल्या सुनांपर्यंत सगळ्यांना त्या या एकाच प्रश्नातून बघतात. शेवटी त्या दिल्लीच्या हौज खासमध्ये येतात, जिथे खेड्यातल्या बायका टाकून देत असलेले कपडे शहरातल्या श्रीमंत बायका ‘एथनिक’ म्हणून विकत घेतात. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला भाड्याने आणलेल्या नऊवारीकडे बघताना हे प्रकरण जरूर आठवा. पण हे क्षेत्रकार्य उदारीकरणाच्या आधीचं आहे. त्यात मोबाइल नाही, इन्स्टाग्राम नाही.

सोफी वुडवर्ड यांचं ‘व्हाय विमेन वेअर व्हॉट दे वेअर’ (२००७) इंग्लंडमधलं आहे. त्या बायकांबरोबर प्रत्यक्ष कपाटापुढे उभ्या राहिल्या : काय घातलं, काय घालून काढून ठेवलं, काय वर्षानुवर्षं नुसतं टांगलेलं आहे. न घातलेला कपडा हासुद्धा पुरावा असतो, हे यातून शिकावं. अडचण अशी की स्वतःचं स्वतंत्र कपाट हे तिथे गृहीत आहे. आपल्याकडे दोन बहिणींत एक कप्पा असतो, आणि होस्टेलवर ‘तुझा तो काळा कुर्ता दे ना’ हा रोजचा व्यवहार असतो. उसना कपडा कुणाची निवड म्हणायची?

कॉन्स्टंटाइन नाकासिस यांचं ‘डूइंग स्टाइल’ (२०१६) तमिळनाडूच्या कॉलेजांतल्या तरुणांवर आहे. नकली ब्रँडचा शर्ट घालणाऱ्याला तो खरा आहे की खोटा याची फारशी फिकीर का नसते, आणि स्टाइल करताना मित्रांमध्ये फार वर दिसणार नाही याची काळजी का घ्यावी लागते, हे त्यांनी दाखवलं आहे. आपल्या ‘ओव्हर’चा सख्खा भाऊ तिथेही आहे. मात्र पुस्तकाचा भर मुलांवर आहे, आणि तिथून थेट आपल्या मुलींपर्यंत उडी मारता येत नाही.

तिन्ही पुस्तकांचा सूर सारखा आहे : ‘तुला काय आवडतं?’ असं विचारून कुणीच थांबलेलं नाही.

एवढं ताणायची गरज काय?

कारण विद्यार्थ्यांनी काय घालावं हे ठरवणारे लोक तुमच्या प्रबंधाची वाट बघत बसलेले नाहीत. ते नियम करून मोकळे होतात.

मुंबईत चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे कॉलेजचं २०२४ मधलं प्रकरण बघा. ड्रेस कोडमध्ये म्हटलं होतं की पोशाख औपचारिक आणि सभ्य असावा आणि त्यातून कुणाचा धर्म दिसू नये. बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला, स्टोल यांना मनाई. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांपुरती अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. टिळा किंवा टिकली लावणाऱ्यांनाही अडवणार का, आणि नावावरून धर्म कळत नाही का, असे प्रश्न न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारले.

बाजू कुणाचीही घ्या, पण संशोधक म्हणून त्या नियमाची भाषा वाचा. मुलांसाठी फुल किंवा हाफ शर्ट आणि साधी पँट. मुलींसाठी अंगप्रदर्शन न करणारा कुठलाही भारतीय किंवा पाश्चात्त्य पोशाख. मुलांना कपड्याचं नाव सांगितलं आहे. मुलींना नाव सांगितलेलं नाही, बघणाऱ्याला काय दिसता कामा नये ते सांगितलं आहे. म्हणजे नियम पाळला की नाही हे कपडा ठरवत नाही, बघणारा ठरवतो. आणि स्टोल? कॉलेज रोडवरचा आपला तो स्कार्फ आठवा. डोक्याला गुंडाळलेलं तेच कापड एका मुलीच्या बाबतीत ‘ऊन’ असतं आणि दुसरीच्या बाबतीत ‘धर्म’. हा फरक कापडात नाही. मग तो कुठे आहे, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. ‘६२ टक्के विद्यार्थी आरामाला प्राधान्य देतात’ छापाचं वाक्य, आकडा कितीही असो, या प्रश्नाच्या आसपासही पोचत नाही.

अर्थ लावताना आणखी एक सावधगिरी हवी. गरीब किंवा दलित-आदिवासी घरातला पहिल्या पिढीचा विद्यार्थी इस्त्रीचा शर्ट, बूट, नीट भांग अशा थाटात येतो, तेव्हा आपल्या प्रबंधांत पटकन लिहिलं जातं : ‘उच्च वर्गाचे अनुकरण’. सिमेल किंवा श्रीनिवास यांचा हवाला दिला की झालं. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर भाषण केलं तेव्हा लुगडं नेसायची पद्धत आणि अंगावरचे जडशीळ दागिने हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. कारण त्या पद्धतीवरून जात दुरून ओळखू येत होती. बायकांनी नेसण बदललं ते कुणाची नक्कल म्हणून नव्हे. अंगावर लादलेली खूण त्यांनी पुसली. शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडांच्या इस्त्रीला ‘ब्रँड कॉन्शसनेस’च्या रकान्यात टाकणं हा नुसता चुकीचा कोडिंगचा प्रकार नाही, तो अन्याय आहे.

मग करायचं काय?

‘मॅडम, गाइडला आकडे लागतात, आणि वेळ कुणाकडे आहे?’ हा आक्षेप खरा आहे. प्रश्नावली वाईट नाही. महिन्याला कपड्यांवर किती खर्च होतो, किती जणांना घरून परवानगी घ्यावी लागते, किती जण कपडे उसने घेतात, हे मोजायला ती उत्तम आहे. ‘का?’ विचारायला ती दुबळी आहे. म्हणून क्रम बदला : आधी समजून घ्या, मग मोजा.

वीस विद्यार्थी निवडा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले ते नकोत. एसटीने येणारे आणि दुचाकीवर येणारे, होस्टेलचे आणि घरचे, प्रथम वर्षाचे आणि तृतीय वर्षाचे, मुलगे आणि मुली असे विचारपूर्वक घ्या. प्रत्येकाकडून सात दिवसांची नोंद घ्या : आज काय घातलं, आधी काय घालायचं ठरवलं होतं, का बदललं, कुणी काही म्हटलं का. वीस गुणिले सात, म्हणजे १४० नोंदी झाल्या. त्यात एक दिवस परीक्षेचा आणि एक ‘डे’चा आला तर उत्तमच. मग मुलाखत घ्या, आणि तिची सुरुवात ‘का घालतेस?’ने करू नका. ‘विकत घेतलेला पण कॉलेजात कधीच न घातलेला कपडा कोणता?’ इथून करा. एवढं झालं की प्रश्नावली बनवा. तिच्यातले पर्याय आता तुमच्या टेबलावर सुचलेले नसतील, मुलामुलींच्या तोंडून आलेले असतील.

शेवटचा मुद्दा नीतीचा, आणि तो फॉर्मवरच्या सहीने संपत नाही. स्कार्फ बांधून ओळख लपवणारी मुलगी तुम्हाला खरं कारण सांगते, तेव्हा ती धोका पत्करत असते. प्रबंधात तुम्ही ‘अमुक गावातली, तृतीय वर्ष भूगोल, मुलींच्या होस्टेलवर राहणारी’ असं लिहिलंत की नाव बदलून काहीही उपयोग नाही. त्या गावातून भूगोलाला एकच मुलगी असते. तपशील मोडा, गाव बदला, दोन जणींच्या गोष्टी एकत्र करू नका पण ओळख पटेल असं काही ठेवू नका. फोटो तर नकोच, चेहरा झाकलेला असला तरी. चप्पल, सॅक आणि गाडीच्या नंबरवरून घरचे ओळखतात.

आता सुरुवातीचं शीर्षक पुन्हा घ्या आणि बदलून बघा : ‘काय घालायचं हे कोण, कुठे आणि कुणाच्या नजरेसाठी ठरवतं? नाशिकमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास’. आरआरसीला थोडं लांब वाटेल. पण समितीतल्या कुणी विचारलंच की ‘यात नवीन काय?’, तर तुमच्याकडे उत्तर असेल. जुन्या शीर्षकाने निवड झालेलीच आहे असं मानलं होतं. तुम्ही ती होताना बघणार आहात.